दुसऱ्या पाण्याचे गमबूट

"अहो बाई, सगळं तळं आजच पिऊन टाकणार का?"

तिने दचकून मागे पाहिले. काठावर एक होडी उपडी घातलेली होती आणि आवाज जणू त्या होडीच्याच पोटातून आला होता. मग पलीकडून एक तरुण उभा राहिला. हातात डांबराचा कुंचला, कोपरापर्यंत काळे झालेले हात, आणि चेहऱ्यावर असे हसू, की ज्याचा राग यावा असे तिने ठरवले. पण राग आला नाही.

"पीत नाहीये, गाळतेय," ती म्हणाली. हातातल्या मोठ्या पिचकारीने ती तळ्याचे पाणी एका गोल गाळणकागदातून दाबून काढत होती.

"गाळा की. पण गाळलेलं पाणी फेकून देताय आणि मळका कागद जपून ठेवताय... हे काही डोक्यात शिरेना."

प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नाला उत्तर न देणे तिच्या स्वभावात नव्हते. "पाण्यात जे राहतं, नुसतं पोहूनही जातं, ते काहीतरी मागे सोडतं. कातडीचा कण, विष्ठा, अंगावरचा बुळबुळीत थर. त्यातला डीएनए या कागदावर अडकतो. प्रयोगशाळेत तो वाचला, की प्राणी न दिसताही कळतं — कोण येऊन गेलं."

"म्हणजे काल मी इथे हात धुतले, तर मीही सापडेन?"

"तुम्हाला शोधायला आलेले नाही मी."

"ते खरं... पण समजा, सापडलोच तर?"

तिला कडक उत्तर द्यायचे होते. ती हसली, हसताना एक पाऊल मागे सरली, आणि पाण्याखालच्या फळीतल्या खिळ्याने तिचा गमबूट घोट्यापासून टाचेपर्यंत फाडला. थंडगार पाणी भस्सकन आत शिरले.

तळ्याच्या मधल्या भागातला नमुना घ्यायचा राहिला होता, आणि त्यासाठी गुडघाभर पाण्यात उतरणे भाग होते. तरुणाने शेडमधून स्वतःचे गमबूट आणले. "हे घ्या. खळखळून धुतलेत. ओले आहेत, पण तुमच्याइतके नाहीत."

एका पाण्यातले बूट ब्लीचमध्ये बुडवल्यावाचून दुसऱ्या पाण्यात नेऊ नयेत, हा नियम प्रयोगशाळेच्या दारावर तिनेच चिकटवला होता. ती घुटमळली. ब्लीच गाडीत होते आणि गाडी वरच्या रस्त्यावर. भुरभुर पाऊस सुरू झाला होता, उजेड उतरत होता. ही सगळी कारणे तिने पुढे स्वतःला दिली. खरे कारण एवढेच होते, की तिच्या पायांना गार लागते आहे हे बऱ्याच दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आले होते. तिने बूट घातले. ते मोठे होत होते. ती पाण्यात उतरली.

ते तळे बुजवून तिथे बसगाड्यांचे आगार व्हायचे होते. तिची पाहणी ही शेवटची औपचारिकता होती: काही दुर्मीळ सापडले तरच तळे वाचणार, नाहीतर मातीचे ट्रक येणार आणि काठावरची होड्या दुरुस्त करण्याची ती शेड जाणार. शेड त्याच्या वडिलांनी उभारलेली होती. आता तो आणि त्याची विधवा वहिनी ती चालवत. हे तिला ठाऊक होते, त्यालाही ठाऊक होते. म्हणूनच निकाल लागेपर्यंत तिने त्या काठाला फिरकू नये, हे शहाणपणाचे होते. ती फिरकली. कधी पाण्याचे तापमान घ्यायला, कधी विसरलेली छत्री न्यायला... आणि एकदा तर तीच छत्री पुन्हा विसरायला.

"भावजी," वहिनी आतून म्हणे, "हल्ली होड्यांना डांबर कमी आणि केसांना तेल जास्त लागतंय. काय भानगड आहे?"

"वहिनी, चहा ठेवा."

"कधीच ठेवलाय. तिघांचा. आंधळी नाहीये मी."

निकाल आला त्या सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई खुर्चीतून अक्षरशः उडाल्या. "मऊ पाठीचं कासव! अगं, या भागातून ते नामशेष झालं असं आपणच शिकवत आलोय!" काठावरच्या नमुन्यांत काही नव्हते; मधल्या नमुन्यात मात्र कासवाची खूण लख्ख होती. सोबत नेलेली शुद्ध पाण्याची बाटलीही कोरी निघाली होती, म्हणजे हाताळताना काही मिसळले असण्याची शंका उरली नव्हती. तळे वाचले होते. कुणालाही फोन करण्याआधी ती धावत शेडवर गेली.

"कासव आहे! तुमच्या तळ्यात मऊ पाठीचं कासव आहे!"

तो आनंदाने ओरडेल, असे तिला वाटले होते. त्याच्या हातातला कुंचला खाली पडला. चेहरा पांढराफटक झाला.

"या तळ्यात?" तो म्हणाला. "कुठल्या... तुम्ही मधे उतरला होतात, त्या पाण्यात?"

"हो! का?"

"काही नाही." त्याने सायकल काढली आणि हातांचे डांबरही न पुसता तो निघून गेला. ती उपड्या होडीशेजारी कितीतरी वेळ उभी होती. वहिनीही दारात येऊन थिजली होती.

संध्याकाळी प्रयोगशाळेच्या अंगणात ती पुढच्या पाहणीसाठी बूट ब्लीचमध्ये बुडवत होती. बूट अर्धा बुडला आणि तिचा हात तसाच राहिला. ओले बूट. धुतलेले, पण साध्या पाण्याने. ते आदल्या दिवशी कुठे भिजले होते?

तिने शेडचे दार ढकलले तेव्हा तो दिव्याखाली एक वल्हे तासत बसला होता.

"ते गमबूट," तिला धाप लागली होती, "आदल्या दिवशी कुठे होते?"

तो उठला. "टेकडीमागच्या जुन्या दगडखाणीत. तिथे डोह आहे."

"आणि त्या डोहात कासवं आहेत, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

एका शब्दाने माणूस एवढा हादरतो, हे तिला तोवर माहीत नव्हते. "म्हणजे तू... मी सगळं समजावून सांगितलं, आणि त्यानंतर तू मला ते बूट दिलेस!"

"कासवं ठाऊक होती. बुटांतूनही ती पाण्यात उतरतात, हे नव्हतं ठाऊक. तू सांगितलंस ते नीट समजलं असतं, तर बूट दिलेच नसते."

"समजलं असतं, तर नेमके दिले असतेस! शेड वाचवायची होती ना? आणि मी — मूर्ख — छत्र्या विसरत होते!"

"ऐक तरी. मी आज दुपारी—"

पण ऐकायला ती थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रमुख बाईंसमोर उभी राहून तिने सारे सांगितले: फाटलेला बूट, उसने बूट, मोडलेला नियम. निकाल मागे घ्या, म्हणाली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोघांनी ठरवून आलात का?"

"दोघांनी?"

"काल दुपारी तो होडीवाला आला होता. माझ्या पांढऱ्या खुर्चीला डांबर लावून गेला. म्हणाला, कासव तळ्यातलं नाही, माझ्या बुटांतलं आहे. चूक माझी, बाईंना बोलू नका. शेड जाईल की रे, म्हटलं. तर म्हणे, जाईल."

तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणजे काल तिने शेडचे दार ढकलण्यापूर्वीच...

"तुला बोलणारच आहे मी, भरपूर बोलणार आहे," बाई म्हणाल्या. "पण आधी मला सांग, बुटांत कासव आलं ते कुठून तरी आलंच ना? खाणीचा रस्ताही त्यानंच काढून दिला. रडत होता बिचारा. तो आणि त्याचा गेलेला भाऊ, दोघांनी लहानपणी शपथ घेतली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. लोक पकडून नेतील, ही भीती."

पुढच्या आठवड्यांत खाणीच्या डोहाला कुंपण पडले आणि पहारा बसला. तळ्याचे पाणी नव्याने तपासले गेले, सगळे नियम पाळून. त्यात कासव नव्हते. मातीचे ट्रक येणार, हे नक्की झाले.

ही बातमी सांगायला ती स्वतः गेली. शेडचे पत्रे उतरवून झाले होते, आणि होड्या नदीकाठच्या कारखान्यात न्यायला तयार होत्या. त्याला तिथे काम मिळाले होते. एकच होडी अजून पाण्यात होती.

"नाही सापडलं," ती म्हणाली.

"ठाऊक होतं."

"मग गप्प बसायचं होतंस! कुणालाही कळलं नसतं."

"तुला कळलं असतं. आज नाही तर पुढच्या वर्षी. मग तुझ्या कुठल्याच कागदावर तुझा स्वतःचाच विश्वास राहिला नसता." त्याने पाण्याकडे बोट केले. "तळं एकदाच बुजतं. तुझ्या मनातलं मात्र रोज बुजत राहिलं असतं."

तिने उतरवलेल्या पत्र्यांच्या ढिगाकडे पाहिले.

"मी तुला नको नको ते बोलले..."

"बोललीस. आणि पहिल्यांदाच 'तू' म्हणालीस. तेवढं मी ठेवून घेतलं."

"भांडण होडीत बसून करा," वहिनी ओरडली. "उद्या ही पण न्यायचीय. फिरवून आणा तिला शेवटची!"

एक वल्हे त्याने घेतले, एक तिला दिले. तिला वल्हवता येत नव्हते. होडी तळ्याच्या मधोमध जाऊन गोल गोल फिरू लागली.

"पाणी ढकल, मारू नकोस," तो म्हणाला.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," ती म्हणाली.

त्याचे वल्हे हातातून निसटून पाण्यात पडले. त्याचे तोंड उघडे ते उघडेच. वल्हे हळूहळू दूर तरंगत गेले. त्याने ते धरायला हातसुद्धा पुढे केला नाही.

"अहो भावजी, वल्हं गेलं!" काठावरून वहिनीचा आवाज आला. "काय झालं काय?"

"हो!" तो ओरडला. ते उत्तर वहिनीला नव्हते.

मग ती जवळ सरकली. उरलेले वल्हे तिने होडीच्या तळाशी आडवे ठेवून दिले, आणि ज्या पाण्यावर पुढच्या वर्षी बसगाड्या उभ्या राहणार होत्या, त्या पाण्यावर ती दोघे वारा नेईल तिकडे जात राहिली.