धुक्यातली सात मिनिटं

लग्नाला चार महिने झाले होते. सासरी मला भाकरी जमत नव्हती, होडी जमत होती. ती रावसाहेबमामांनी, म्हणजे सासऱ्यांनी शिकवलेली. "जायचं तितं नाक धरायचं न्हाय, पोरी. वारा अन् पाणी कुटं ओढतंय ते बघून उलटीकडं धरायचं."

त्या सकाळी मामांच्याच छातीत कळ आली. नवरा सोलापुरात ड्यूटीवर. उजनीच्या पाण्याला वळसा घालून रस्त्यानं दीड तास, होडीनं बावीस मिनिटं. ॲम्ब्युलन्स पलीकडच्या काठावर बोलावली.

धुकं असं, की समोर बसलेले मामा आवाजापुरते उरले होते. मी मोबाईलवर होकायंत्र आणि वाटेची नोंद लावली. वारा डावीकडून, धरणातून पाणी सोडलेलं, त्याची ओढही उजवीकडे. म्हणून पलीकडच्या काठाच्या दिशेपासून दहा अंश डावीकडे नाक धरलं आणि सुकाणू हलू दिलं नाही. बीएस्सीचं गणित कुठंतरी कामाला आलं.

मधोमध चुलीच्या धुराचा वास आला. मग भाकरी थापल्याचा आवाज... खालून.

"मामा, जवळ कुणाची होडी आहे का?"

"न्हाय," ते हळूच म्हणाले. "न्याहारीची वेळ हाय की."

होडी नेमकी ॲम्ब्युलन्ससमोर लागली. वेळ मात्र एकोणतीस मिनिटं.

दुपारी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. शाबासकी मिळेल म्हणून मी मामांना मोबाईलवर उमटलेली होडीची वाट दाखवली. रेघ सरळ हवी होती. मधेच ती दोनदा काटकोनात वळून एका जागी सात मिनिटं थांबली होती.

मामांनी बोट फिरवलं. "ही चावडी. ही आमची गल्ली. अन् हे घर."

ते घर धरणात बुडून चाळीस वर्षं झाली. त्यांची आई त्याआधीच गेलेली.

"आई राहा म्हणत होती," मामा म्हणाले. "तूच न्हाय म्हणालीस. न्यायचंय त्यांना, म्हणालीस. लई ठाम."

"मी... होडीतून उतरले नाही, मामा."

"चपला दारात काढल्यास की. नव्या सुनेला सांगावं लागलं न्हाय, आई खूश झाली."

मला हसू आलं. वॉर्डाबाहेर 'चपला इथे काढा' अशी पाटी होती, मी तिथंच काढल्या असणार. उठून पाहिलं. सात जोड होते. माझ्या हिरव्या, लग्नातल्या, त्यांत नव्हत्या.

तळवे पाहिले. फरशी कोरडी होती, तरी त्यांना ओला काळा गाळ होता... आणि थोडं पीठ.