टिटवीच्या दहा वाटा

चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर असलेल्या श्रवणकेंद्रात 'टिटवी'चा आवाज येईनासा होऊन सहा दिवस झाले होते. लघुग्रहांची पाहणी करणाऱ्या त्या एकआसनी नौकेत रेणुका ढवळीकर होती. आणि अवकाशातला क्षीणातला क्षीण संदेश टिपणारी केंद्राची महाश्रवणी चालवणारी इंदुमती ही तिची थोरली बहीण. आई गेली तेव्हा रेणू चार वर्षांची होती. तिला इंदूनंच वाढवलं.

केंद्राचे गणितज्ञ डॉ. रशीद मुजावर भोजनगृहातून दहा वाट्या घेऊन आले आणि त्यांनी त्या टेबलावर पालथ्या मांडल्या.

"इंदूताई, नौकेचं काय झालं असेल याच्या दहा वाटा निघतात. दहाही सारख्याच संभवनीय. पहिल्या आठांत ती आकाशाच्या आठ पट्ट्यांपैकी एकीत भरकटतेय, पण तिचा संदेशदीप, म्हणजे सतत रेडिओ-खूण पाठवणारं यंत्र, चालू आहे. त्या पट्टीकडे नऊ दिवस कान लावला, की तो ऐकू येणारच."

"आणि या दोन?"

"नववीत नौका फुटली. दहावीत तिची वाचा गेलीय, पण परतयंत्रणा तिला मुकाट्यानं घरी आणतेय. सुमारे दोनशे दिवसांत पोचेल. तोवर इतकी लहान नौका दिसायची नाही. या दोन वाट्या आपल्याला उघडता येत नाहीत. म्हणून सापडण्याची शक्यता दहात आठ."

इंदूनं महाश्रवणी पहिल्या पट्टीकडे वळवली. नऊ दिवस कानांत नुसती खरखर. मग दुसरी, तिसरी, चौथी.

"आता काय, डॉक्टर?"

"सहा वाट्या उरल्या. पुढच्या वाटीखाली ती असण्याची शक्यता दहात एक होती, ती सहात एक झाली. पण एकूण सापडण्याची शक्यता दहात आठवरून सहात चारवर उतरली."

"म्हणजे आशा वाढलीही आणि घटलीही?"

"हो. प्रत्येक रिकामी वाटी पुढच्या वाटीची ओढ वाढवते. माणूस तिथंच फसतो."

इंदूला हे गणित अनुभवानं कळत होतं. सातवी पट्टी रिकामी गेल्यावर तिला जेवण जाईना. त्या खरखरीतून मध्येच रेणूचं हसू ऐकू आल्यासारखं व्हायचं. ती श्वास रोखायची, आणि पुन्हा खरखर.

आठवीही रिकामी निघाली.

केंद्रप्रमुखांनी शोध थांबवला. शोकसभेची वेळ ठरली. मुजावर इंदूच्या खोलीच्या दारात आले.

"काय बोलू, इंदूताई? माझ्याकडे शब्द नाहीत."

"शब्द नकोत. वाट्या किती उरल्या ते सांगा."

"दोन."

"अजूनही दोन्ही सारख्याच?"

"सारख्याच."

"मग रेणू घरी येत असण्याची शक्यता पहिल्या दिवशी दहात एक होती. आज दोनात एक आहे."

मुजावरांनी बोटांवर पुन्हा हिशेब केला. आठ वाट्यांच्या नादात त्यांनी उरलेल्या दोन वाट्यांकडे पाहिलंच नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," ते हळूच म्हणाले. "पण नववी वाटीही तितकीच खरी आहे, ताई."

"ठाऊक आहे मला."

ती शोकसभेला गेली नाही. मुजावरांनी प्रमुखांशी भांडून तिच्यासाठी दोन गोष्टी मिळवल्या: परतीच्या काळात एक धक्का मोकळा ठेवायचा, आणि रोज दहा मिनिटं परतीच्या मार्गाकडे संदेश पाठवायची मुभा. पुढचे चार महिने इंदू रोज त्या रिकाम्या आकाशाशी बोलत राहिली. पालकाला कीड लागली, गुडघा दुखतो, आज तुझ्या आवडीची आमटी होती, मला गिळवेना. कधी काही सुचलं नाही तर नुसतं "रेणू, रेणू" म्हणायची. उत्तर यायचं नाही. दोनात एक ही शक्यता दोनात एकच राहायची.

एकशे अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी दूरवेधी दुर्बिणीच्या पडद्यावर एक ठिपका उमटला.

नौका आपोआप धक्क्याला लागली. आत कुणी जिवंत आहे की नाही, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. इंदू दारापाशी उभी होती, तिचा हात मुजावरांच्या बाहीवर घट्ट आवळलेला. आतून कडी सरकली.

रेणुका हाडांचा सापळा झाली होती. दाराचा आधार घेत ती बाहेर आली.

"ताई," ती म्हणाली, "फक्त बोलायचं यंत्र गेलं होतं गं. ऐकायचं चालू होतं."