डिशमागचं एक पाऊल

हे मी स्वतः ऐकलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण मला खोटं म्हणू नका.

रविवार होता. दुपारचे सव्वाबारा. मामाचं तीन मजली घर, वर रणरणतं ऊन. भुताखेताची वेळच नव्हती.

मामा डिश बसवायचा. त्याच्या जोडीदाराला सगळे लंबू म्हणत. लंबू वर चढून डिश फिरवायचा आणि मामा खाली टीव्हीसमोर बसून फोनवर सांगायचा, "अजून... अजून थोडं... बस." वीस वर्षं हेच चाललं.

दोन वर्षांपूर्वी मामाच्याच गच्चीवर डिश लावताना लंबू मागच्या बाजूने पडला. तिथला कठडा बांधायचा राहिला होता, अजूनही राहिलाय. जागच्या जागी गेला.

मामा सगळ्यांना म्हणाला, "प्यायला होता."

लंबू थेंबालाही शिवत नसे. पण मेलेला माणूस भांडायला थोडाच येतो? त्याच्या बायकोला मात्र लोकांनी तोंड दाखवणं मुश्कील केलं.

त्या रविवारी मामाला नवी हुक्की आली. तीच डिश गच्चीवर पडून होती. तिच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा काढायचा, तिथे वायफायचा अँटेना बांधायचा आणि पलीकडच्या गल्लीतलं माझ्या घरचं नेट इकडे खेचायचं.

मामा वर गेला. मी गच्चीखालच्या खोलीत, लॅपटॉपसमोर. फोन स्पीकरवर.

"सांग रे, किती येतंय?"

"दोन काड्या. अजून थोडी फिरव."

तीन झाल्या. मग चार.

"बस, मामा. फुल आलंय."

आणि तेवढ्यात फोनवर...

"अजून मागे."

तो मामाचा आवाज नव्हता.

"अजून?" मामाने विचारलं. "बरं."

डोक्यावर पावलं वाजली. एका माणसाची नाहीत... दोघांची.

"मामा, थांब. मी काही बोललो नाही."

त्याला माझं ऐकूच जात नव्हतं.

"लंबू..." मामाचा आवाज बारीक झाला होता. "माझी नजर टीव्हीवर होती रे. मागे सर म्हणालो ते माझंच चुकलं."

"हे खाली जाऊन सगळ्यांना सांगशील?"

मी फोन कानाला लावला. मामाने नुसतं हो म्हणायचं होतं. एक शब्द.

मामा गप्प राहिला...

"मग अजून एक पाऊल."

मागच्या अंगणात धप्पकन आवाज झाला.

मामा वाचला. कंबर गेली, वाचा गेली. मी पोचलो तेव्हा त्याच्या अंगाला दारूचा असा भपकारा येत होता की डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. ज्याने आयुष्यात बाटलीला हात लावला नाही, त्याला आता सगळी गल्ली बेवडा म्हणते.

त्याच संध्याकाळी मी लंबूच्या बायकोकडे गेलो. सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन वर्षं माझी पोरगी शाळेतून रडत यायची," ती म्हणाली. "आता तुमच्या मामांबद्दल बोलतायत ना? बोलू द्या."

मामी रोज मला विचारते, "तू तर घरातच होतास. प्यायले नव्हते ना रे ते? सांग ना लोकांना."

मामा पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहतो. डोळ्यांतून पाणी वाहत असतं.

मला सांगता येईल. पण तोंड उघडायला गेलो की आतून राग उसळतो आणि शब्द तिथेच अडतो.

तो राग माझा आहे की आणखी कुणाचा, हे मला आजही कळलेलं नाही.