जिन्यातला दिवा

पुष्पाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तुमसरच्या दवाखान्यात त्या पायाला वजन टांगून पडल्या होत्या. सकाळीच त्यांनी जागेश्वर जमादाराला बोलावून घेतलं.

"काल सांजेले सीतानं जिन्यात दिवा लावला होता का नाई, एवढंच पाहून सांगा भाऊ. आज सांजेले बिल्डिंगवाले तिले खोलीतून काढून राहिले."

"तुम्ही नाही पाहिला?"

"मी दुपारीच वर गेल्ली. उतरली तवा अंधार होता."

जागेश्वर पोलिसातून निवृत्त झाल्यावर राईस मिलवाल्यांची हरवलेली पोती शोधून द्यायचा. गुडघे गेले होते, झोप कमी झाली होती. सोबत तेजराम असे. तेजरामचं बियाण्यांचं दुकान होतं. दिवाळीच्या तोंडावर बियाणं कोण घेतो, म्हणून तो मोकळाच होता. त्याच्याकडे राजदूत मोटारसायकल होती.

बिल्डिंग तीन मजली. मालक मधुकरराव नागपूरला राहायचे आणि सगळा कारभार पुष्पाबाईंचा मुलगा गोपीचंद पाहायचा. गोपीचंद राईस मिलमध्ये मुनीम होता. जिन्याच्या तोंडाशी त्याने नियमांची पाटी रंगवून लावली होती. जिन्यात थुंकू नये, कठड्यावर कपडे वाळवू नयेत, धान पसरू नये. शेवटचा नियम दिव्याचा. जिन्यातले बल्ब चोरीला जात, म्हणून बल्ब सीताबाईकडे राही. सांजेला तिने स्टुलावर चढून तो पहिल्या मजल्याच्या होल्डरला लावायचा आणि सगळे निजले की काढून न्यायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्या कामाच्या आणि झाडलोटीच्या बदल्यात सीताबाईला जिन्याखालची खोली फुकट होती. नवरा गेल्यापासून ती तिथेच राहत होती. दुसरं घर तिला नव्हतं.

खोलीच्या दारात गाठोडं बांधलेलं होतं.

"बांधून ठेवलं जी," सीताबाई म्हणाली. "ऐन वेळी घाई होते."

तिने सांगितलं ते थोडं होतं. दिवा लावला, स्टूल आत ठेवलं, मंदिरात भजनाला गेली. परतली तर गलका चाललेला. पुष्पाबाई जिन्यात पडलेल्या, होल्डर रिकामा. रात्री उशिरा लोकांना बल्ब तिच्याच खिडकीत सापडला. त्या खिडकीला कडी नव्हती. सगळे म्हणाले, ही लावायला विसरली आणि आता खोटं बोलते.

"आज झाडू नाही फिरवला?" जागेश्वरने विचारलं.

"गोपीचंदभाऊ म्हणाले, आता कशालेच हात लावू नको."

जागेश्वर कठडा धरून वर चढला. पहिल्या मजल्यावर, गोपीचंदच्या दारासमोर, होल्डर टांगलेलं होतं. खाली फरशीवर धानावरचे हिरवे तुडतुडे मरून पडले होते, बरेच. तेजरामने ते चपलेने बाजूला सारले.

"धान पिवळं पडलं की यायचा ताप," तो म्हणाला. "आमच्या घरी तर अंधारात जेवणं चालू आहेत."

जागेश्वरने त्याला पाय उचलायला सांगितलं आणि कण्हत खाली बसून फरशी पाहिली.

वरच्या मजल्यावर भैय्याजी राहत होता. त्याने कठड्यावर धोतर वाळत घातल्यावरून गोपीचंदशी त्याचं बोलणं बंद होतं. दिव्यावरही त्याचा राग होता. त्या दिव्यापायी सगळे तुडतुडे वर येतात, एक दिवस फोडून टाकीन, असं तो चारचौघांत बोलला होता.

"बोललो होतो, फोडला नाई," तो म्हणाला. "अन् काल मी इथंच होतो. आमची रुखमा अन् पुष्पाबाई पुऱ्या करून राहिल्या होत्या, मी कढईपाशी."

गोपीचंदच्या मुलीला पाहायला शहापूरचे पाहुणे आले होते. खालचं स्वयंपाकघर लहान, म्हणून पुऱ्या भैय्याजीच्या घरी तळल्या. पुरुषांचं बोलणं बंद असलं तरी बायांचं चालू होतं. पुष्पाबाई पुऱ्यांची टोपली घेऊन उतरल्या आणि पडल्या.

"खालून कोणी वर आलं होतं?"

"कोन येते? तो गोपीचंद तर माया उंबऱ्याले पाय लावत नाई."

गोपीचंदने दोघांना बसवलं. चेहरा ओढलेला होता, रात्रभर तो दवाखान्यात होता. पाहुणे अर्ध्या जेवणावरून उठून गेले, हो-नाही काही सांगितलं नाही, असं तो म्हणाला. चहा आला. त्याने बशी डाव्या हातात धरली. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना फोड आले होते.

"काय झालं?" तेजरामने विचारलं.

"पुऱ्यांचं तेल उडालं."

पाहुणे कुठे बसले होते, असं जागेश्वरने विचारलं. इथंच, दाराशी, कंदील लावून, गोपीचंद म्हणाला. कंदिलाला तुडतुडे कमी येतात. मग जागेश्वरने हात धुवायला पाणी मागितलं. मोरी मागच्या गॅलरीत होती. तिथे छताला होल्डर होतं, बल्ब नव्हता. खालच्या फरशीवर हिरवा ढीग पडला होता आणि मुंग्या त्यातलं ओढत नेत होत्या.

"इथं दिवा नाही लावत?"

"कधीच नाही. फुकटचं बिल."

जिना उतरताना तेजराम म्हणाला की भैय्याजीच असावा. राग त्याचा, जीभही त्याची. जागेश्वर एकेक पायरी मोजून मापून उतरत होता.

ऊन उतरल्यावर बिल्डिंगमधले सगळे जिन्यात जमले. सीताबाई गाठोड्याशेजारी उभी होती. गोपीचंद बोलायला लागणार, तेवढ्यात जागेश्वर पायरीवर बसला.

"उभं राहवत नाही, बसून सांगतो," तो म्हणाला. "सीताबाईनं काल दिवा लावला होता."

"कशावरून?" कोणीतरी विचारलं.

"तुडतुडा उजेडाला येतो आणि उजेडाखाली मरतो. रिकाम्या होल्डरखाली कशाला मरेल? काल सकाळी ही जागा झाडली होती, आज झाडू बंद. म्हणजे ते कालचेच. दिवा चांगला जळला, मग कोणी काढला. तेव्हा सीताबाई भजनात होती."

"मग काढला कोणी?" तेजरामने विचारलं.

"जळता बल्ब काढला तर बोटं भाजतात. गोपीचंदभाऊ म्हणतात, पुऱ्यांचं तेल उडालं. कढई वर भैय्याजीच्या घरी होती, आणि भाऊ तर त्या घरचा उंबराही चढत नाहीत."

गोपीचंदने हात मागे घेतला.

"यांच्या मागच्या गॅलरीत कधीच दिवा लावत नाहीत. तरी तिथं इथल्यापेक्षा मोठा ढीग आहे. मुंग्या अजून नेऊन राहिल्या." जागेश्वर दमून थांबला. "दारासमोर दिवा, दाराशी पाहुण्यांची ताटं. तुडतुडे वरणात पडायला लागले असतील. तो बल्ब काढून मागं लावला की सगळे तिकडं जातात. जेवणं झाली की परत लावू, असं वाटलं असेल. तेवढ्यात आई पडली."

 

"दवाखान्यातून कपडे घ्यायले आलो तवा गॅलरीत तो जळून राहिला होता," गोपीचंद म्हणाला. "काढला अन् खिडकीत टाकला. शहापूरवाल्यांले कळलं असतं का पोराच्या हातानं माय पडली, तर पोरीचं काय झालं असतं?" तो सीताबाईकडे न पाहता म्हणाला, "गाठोडं सोड. खोली तुयीच."

सीताबाईने गाठोडं आत नेलं आणि स्टूल घेऊन आली. सांज झालीच होती.

"आता यालेच लावू दे," भैय्याजी गोपीचंदकडे बोट दाखवून म्हणाला.

"नाई जी. पाटीवर लिवलं आहे, दुसऱ्यानं हात लावाचा नाई."

ती पहिल्या मजल्यावर गेली. स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता. गोपीचंद खाली बसला आणि त्याने फोड आलेल्या हाताने तो पाय धरला. दिवा लागला. तुडतुडे यायला लागले.

बाहेर राजदूत तीनदा किक मारूनही सुरू होईना. तेजराम थांबला.

"म्हातारीले काय सांगाचं? पोरानंच दिवा काढला म्हून?"

"तिनं काय विचारलं होतं?"

"सीतानं दिवा लावला होता का."

"लावला होता, एवढं सांगू."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं तिनं विचारलंच नाही, तेजराम," जागेश्वर म्हणाला, आणि गुडघा दोन्ही हातांनी उचलून मागच्या सीटवर बसला.