सशाची झोप कोणी मोडली?

कृत्तिका खडाखडा वाचत होती. एकही चूक नाही, कुठे अडखळणं नाही. गडबड एवढीच होती, की पुस्तक तिने उलटं धरलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात आईच्या हातातला पोळीचा उंडा हातातच राहिला.

"सशाने शिवली नवी टोपी, टोपी घालून गेला झोपी!" कृत्तिका समोर बसवलेल्या कापडी हत्तीला ऐकवत होती.

आईच्या लक्षात आलं. म्हणजे पोर वाचत नव्हतीच, नुसतं पाठ म्हणत होती! आणि आईने तर मावशीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमची वाचायला लागली म्हणून. वरच्या मजल्यावरचा ईशान औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचतो. आता कसं व्हायचं?

तेवढ्यात खाली घंटी वाजली. चाळूराव आला होता. चाळूराव म्हणजे सोसायटीत दर रविवारी येणारा वाचनालयाचा यंत्रमानव. पोटात पुस्तकं, पायांच्या जागी चाकं, आणि पानं चाळायला लांब लांब बोटं. आई कृत्तिकाला पुस्तकासकट खाली घेऊन गेली.

"हे परत घ्या," आई म्हणाली. "यमकं नकोत, चित्रं नकोत. जरा गंभीर काहीतरी द्या."

"माझा ससा मी देणार नाही!" कृत्तिकाने पुस्तक पोटाशी घट्ट धरलं.

"अगं, तुला ते पाठ झालंय. पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे."

"ताई, घेतो परत," चाळूराव नम्रपणे म्हणाला. "आधी एक प्रयोग करू? ही ओळ पुरी करा. माकडाने मांडली पंगत, जेवणाला आली..."

"रंगत," आई पटकन म्हणाली.

"हे पुस्तक वाचलंय तुम्ही?"

"छे!"

"मग कळलं कसं?"

कृत्तिका खुदकन हसली.

"यमक (ओळींच्या शेवटी येणारे सारख्या आवाजाचे शब्द) ऐकलं, की मेंदू पुढचा शब्द आधीच शोधून ठेवतो. याला म्हणायचं अनुमान (माहीत असलेल्या गोष्टींवरून न दिसलेलं ओळखणं). अनुमान बरोबर येतं, तोवर डोळे जरा आराम करतात," चाळूराव म्हणाला.

"तेच म्हणतेय मी! आळशी झालेत हिचे डोळे."

"पण शब्द तोंडात तयार असला, की तो कागदावर कसा दिसतो हे ओळखीचं होत जातं. ओळखीच्या माणसाच्या दारावरची पाटी वाचण्यासारखं. आता पाहू, कितपत ओळख झालीय ते." चाळूरावच्या पोटात 'टुक' असा आवाज झाला. पण आईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने कृत्तिकाकडून पुस्तक घेऊन सुलटं धरलं होतं.

"बघ बाळा, वाचायचं असं. एकेका शब्दावर बोट ठेवून." आई ठसक्यात वाचू लागली, "सशाने शिवली नवी टोपी. टोपी घालून गेला झोपी."

"थांब, थांब!" कृत्तिकाचं नाक पानाला टेकलं. "हे झोपी नाहीये. रोजचा झोपी असा दिसत नाही."

"झोपीच आहे गं."

"नाही! हा शाळेच्या फाटकावरचा श आहे. शा... ळे... त. आई, ससा शाळेत गेला!"

आईने पुन्हा पाहिलं. खरंच, शाळेत! बोट शब्दावर आणि डोळे भलतीकडे, असं तिचंच झालं होतं.

"हा बदलकागद (अक्षरं हवी तशी पालटता येणारा कागद)," चाळूराव म्हणाला. "मघाशी 'टुक' झालं ना, तेव्हा मीच शब्द बदलला. अनुमान चुकलं, की मेंदू दचकतो आणि अक्षरांकडे निरखून बघतो. नवं शिकणं होतं ते त्या दचकण्यातच. ताई, तुम्ही दचकलाच नाहीत."

"पण मग पुस्तक उलटं का धरलं होतंस गं?" आईने विचारलं.

"हत्ती समोर बसला होता ना! त्याला सुलटं दिसायला नको?"

आईला हसू आवरेना. "बरं चाळूराव, ससा राहू दे आमच्याकडे. आणि ते माकडाच्या पंगतीचंही द्या. त्यातले शब्द मात्र न सांगता बदलत जा. आम्ही दोघी पकडू."

"आणि सशाचं काय?" कृत्तिका रागावून म्हणाली. "आज रविवार आहे! झोपू दे की त्याला!"

'टुक.'

'टुक' झालं म्हणून कृत्तिकाने नुसता विश्वास ठेवला नाही. बोट टेकवून, एकेक अक्षर निरखून ती म्हणाली, "झो... पी. हं. झोपलाय."