गार पडलेली कथिलाची पूड

हायड्रोजनची चाहूल लागताच हलणारी सुई शून्यावर असेल, तर हवा स्वच्छच असणार ना?

मंगळावरच्या वस्तीत सगळे तसंच धरून चालायचे. तिथे धुळीचं वादळ आलं, की सूर्यपट्ट्या झाकोळायच्या आणि ‘विझवणी’ सुरू व्हायची. म्हणजे मुलांनी घरं-कोठारं फिरून बिनगरजेची वीज बंद करायची. दहा वर्षांच्या शाल्मलीने त्या सकाळी बारा बटणं बंद करून शाबासकीही मिळवली होती.

दुपारी ती कुंदाआत्याजवळ नियंत्रण-खोलीत बसली होती. फोनवर बाबा होते. हायड्रोजनच्या कोठारातली निखळलेली लोखंडी पट्टी त्यांना वेल्डिंग करून जोडायची होती. आत्याने समोरची कोठाराची सुई पाहिली, ती शून्यावर होती, आणि खुशाल कर म्हणून सांगितलं.

शाल्मलीला सकाळचं एक बटण आठवलं.

“आत्या, कोठारातल्या गॅस ओळखणाऱ्या डबीला हीटर कशाला असतो गं? मी बंद केला. खोली उबदारच होती.”

आत्याने फोन दोन्ही हातांनी धरला. “दादा, ठिणगी पाडू नकोस. आहे तसं ठेव आणि बाहेर ये.”

वादळात वीज नाही आणि बहिणीला धीर नाही, असं कुरकुरत बाबा निघाले. आत्याने तिथूनच हीटर चालू केला. तापायला चार मिनिटं लागणार होती. गप्प बसलो तर दोघीही रडू, हे ओळखून तिने समजावायला घेतलं.

डबीत टिन डायऑक्साइडची (कथिल आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची) पूड असते. चिनी मातीच्या भांड्यांना पांढरी झिलई देणारी, काच चकाकवणारी, तीच ही. ती चांगली तापली, की हवेतला ऑक्सिजन तिच्या कणांना चिकटतो आणि त्यांचे इलेक्ट्रॉन (वीज वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण) धरून ठेवतो. मग वीज जेमतेम वाहते. हायड्रोजन आला, की तो त्या ऑक्सिजनशी जुळून वाफ होतो. इलेक्ट्रॉन सुटतात, वीज वाढते, सुई हलते.

“आणि पूड गार असली तर?”

“तर शेजारी हायड्रोजन असला, तरी तिला पत्ता नसतो.”

सुई एकदम उसळली. शाल्मलीने आत्याचा दंड धरला. तापताना पूड थोडं खोटं बोलते, थांब, असं आत्या म्हणाली. सुई उतरत उतरत चाळीसवर आली आणि तिथून हलेना.

गळती होती.

बाबा दारात आले, त्यांनी सुई पाहिली आणि हातातलं वेल्डिंगचं यंत्र खाली ठेवलं. कुणाच्या लक्षात आलं, एवढंच त्यांनी विचारलं.

“जिने बंद केला तिच्याच,” आत्या म्हणाली. “आपण मुलांना बटणं दाखवली, कारणं नाही सांगितली.”

शाल्मलीने जाऊन त्यांचा हात धरला. तिने विचारलं, की गार असतानाही वास घेईल अशी पूड करता येते का. आत्या म्हणाली, प्रयत्न चालू आहेत, अजून मनासारखं जमलेलं नाही.

“मग मला आधी ही कशी करतात ते दाखव,” शाल्मली म्हणाली. बाबांचा हात तिने अजून सोडला नव्हता.