सुलतानाचा तोतया घोडा

"हा घोडा तोतया आहे!" त्र्यंबककाका गरजले.

मिशिगनमधल्या नोव्हायच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये टेबलभर अल्लाउद्दीन खिलजीचं घोडदळ उभं होतं. वर्षभर खपून काकांनी एकेक घोडा मातीचा घडवला होता, ओव्हनमध्ये भाजून रंगवला होता. व्याख्यान आता सुरू व्हायचं, आणि सुलतानाचाच घोडा कोणीतरी बदललेला.

"सेमच तर दिसतोय," राकेश म्हणाला. त्याची बायको उपासना प्रायव्हेट डिटेक्टिव्ह होती, विम्याचे खोटे क्लेम पकडायची. राकेश गाडी चालवायचा आणि मतं द्यायचा.

काकांनी घोडा उलटा केला. "पोटाखाली डाग कुठाय? शिपाई चांगला घोडा विकून हजेरीला मरतुकडं तट्टू आणायचे, म्हणून सुलतान घोडे डागायचा. माझाही प्रत्येक घोडा डागलेला आहे. हे काम नकुलचं! मराठी मंडळाच्या या सेक्रेटरीला माझ्याऐवजी अंताक्षरी हवीय. मी लेक्चर कॅन्सल करतो!"

"थांबा काका. आणि डागाचं कोणाकडे बोलू नका. राकेश, घोडा सांभाळ."

राकेशने तो चहाच्या तापलेल्या किटलीला टेकवून ठेवला.

उपासनाने घोड्याबद्दल विचारताच नकुल वैतागला. "अंताक्षरी हवीय मला, मान्य. पण घोडा कशाला घेऊ, यार? काका दर मीटिंगला प्रॅक्टिस करतात. कुठे डाग, का डाग, सगळं पाठ झालंय!"

"घरात दुसरा विषय नाही," वैदेहीकाकू म्हणाल्या. "माझ्या डब्यांनासुद्धा बुडाशी डाग दिलेत यांनी! आमची नात बघ. कार कंपनीच्या स्टुडिओत अख्खी गाडी मातीची घडवते, पण कधी मिरवत नाही."

नात केया गळ्यात हेडफोन अडकवून नखं खात उभी होती. "ऑनेस्टली मावशी, दे ऑल लुक द सेम. आजोबांना कळलं कसं?"

इतक्यात राकेश किंचाळला. घोड्याचा कान लोंबत होता. "मी काही नाही केलं!"

"बरंच केलंस," उपासना हसली आणि तिने सगळ्यांना टेबलाशी बोलावलं.

"रंग, शेपूट, सगळं जुळवलंय. फक्त डाग नाही, कारण करणाऱ्याला तो ठाऊकच नव्हता. नकुल आणि काकूंनी न विचारता डागाचं सांगितलं. त्यांनी तोतया डागूनच आणला असता. म्हणजे हे लेक्चर कधीच न ऐकलेला माणूस हवा. शिवाय भाजलेली माती किटलीने मऊ पडत नाही. ऊब लागताच मऊ होते ती गाड्यांची मॉडेल्स करायची माती."

सगळे केयाकडे वळले.

"सॉरी, आजोबा. व्हॅक्यूम करताना पडून तुटला, पार चुरा झाला. तुम्ही लेक्चर कॅन्सल कराल म्हणून मी फोटो बघून नवा केला."

काकांनी घोडा निरखला. त्यांच्या घोड्याहून तो कितीतरी देखणा होता. राग केव्हाच गेला, पण वाईट मात्र वाटलं. "तुटल्याचं काही नाही गं. पण तू एकदाही ऐकलं नाहीस?"

केयाचे डोळे भरले. "आज ऐकते. फर्स्ट रो."

काकांनी आपलं डागायचं दाभण किटलीवर तापवून तिच्या हातात दिलं. "मग डाग याला. बिनडागाचा घोडा आपल्या फौजेत चालत नाही."

केयाने जपून डाग दिला, लोंबलेला कान सरळ केला आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसली.

काकांनी माइक उचलला. "आज फौजेत नवी भरती झालीय. तेव्हा अगदी पहिल्यापासून सांगतो."

नकुलने कपाळाला हात लावला.